अपडेटनंतर आलेल्या नोंदी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल की अनुभवाच्या आड लपतोय.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी अनेक वर्षं वाचतो, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. जेवण झालं की एखादा वाचायचा, बायकोला सांगायचा, दोघांनी हसायचं. मी सरकारी नोकरीत आहे, ऑफिसातला कुठलाही कॉम्प्युटर अडला की मलाच हाक येते. मशीनमध्ये जे होतं त्याला कारण असतंच, कारण सापडलं नाही तर शोधणारा कमी पडला, असं मानणारा माणूस आहे मी. आजही तसाच आहे... फक्त या एका बाबतीत गप्प बसतो.

आम्ही मूळचे नागपूरकडचे, पण रायपूरला तिसरी पिढी. मी शंकर नगरला राहतो. माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, रायपूरच्याच बूढापारा भागात राहायचा. रेल्वेतून रिटायर झालेला. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सहावीत होतो, म्हणून ती मला भाऊजी वगैरे कधी म्हणालीच नाही, सरळ नावानं हाक मारते. त्यांची एकुलती एक मुलगी ऋचा, लग्न होऊन बंगळूरला.

माझ्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर मी मीडिया सर्व्हर चालवतो. म्हणजे घरचंच छोटं चॅनेल समजा — सगळे व्हिडिओ एका मशीनवर ठेवायचे आणि घरच्यांनी आपापल्या टीव्हीवर, फोनवर बघायचे. घरातल्या जुन्या कॅसेट मी त्यावर चढवल्या होत्या. वाढदिवस, मुंजी, सहली, गणपती. एकशे चौऱ्याऐंशी व्हिडिओ.

दादा आजारी पडला आणि घराबाहेर निघणं बंद झालं, तेव्हा त्यानं एक काम हातात घेतलं. प्रत्येक व्हिडिओखाली माहिती लिहायची जागा असते ना, तिथे तो टॅबलेटवर एका बोटानं नोंद लिहायचा. कोण कोणाचा, कुठल्या साली, त्या दिवशी काय झालं. "ऋचाचा पहिला वाढदिवस. मागे रडणारा पोरगा आपला नाही, शेजारच्यांचा. भजी कच्ची राहिली होती, कोणी बोललं नाही." अशा. आणि शेवटची ओळ बहुतेक ठरलेली — "कॅमेरा सुधीरकडे, म्हणून तो दिसत नाही." सुधीर म्हणजे मी. पावणेदोन वर्षं लागली त्याला. शेवटची नोंद झाली आणि पौषात तो गेला.

वहिनीनं त्या आधी वाचल्या नव्हत्या. दादा वाचूच द्यायचा नाही, म्हणायचा पूर्ण होऊ दे. तो गेल्यावर काही महिन्यांनी तिनं सुरुवात केली. दुपारी जेवण आटोपून, चष्मा लावून, टीव्हीसमोर — रोज एकच नोंद. मोठ्यानं वाचायची, पोथीचा अध्याय वाचावा तशी, मग तो व्हिडिओ बघायची.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, एकच काहून? पुढचं वाचावंसं नाही वाटत?"

"वाटते न. पण सगळं वाचून टाकलं तं मंग काय करू? तुह्या भावाचं बोलणं संपून जाईन."

तिच्या एकाहत्तर नोंदी वाचून झाल्या होत्या.

जूनमध्ये वहिनीच्या टीव्हीवर सूचना यायला लागली की सर्व्हर जुना झाला आहे, नवीन व्हर्जन टाका. एका रविवारी सकाळी मी बसलो. सूचनांमध्ये पहिलीच ओळ होती — आधी सर्व्हर बंद करा, डेटाच्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा, नव्यावर गेल्यावर परत जुन्यावर येता येणार नाही. ऑफिसात कोणी हे वाचलं नाही तर मी त्याला दहा शब्द ऐकवतो. त्या दिवशी मी स्वतः वाचलं आणि सोडून दिलं. दुपारी रायपूरजवळच्या अभनपूरला एका मित्राकडे जेवायला जायचं होतं, कॉपीला तास लागला असता. व्हिडिओ तर वेगळ्या डिस्कवर आहेत, त्यांना काय होणार?

अपडेट अर्ध्यावर अडकलं. मीना, म्हणजे माझी बायको, तयार होऊन दारात. मी पाऊण तास वाट बघितली आणि सरळ बटण दाबून मशीन बंद केली. पुन्हा चालू केली तर सर्व्हर उठेचना. मग चिडून मी तो डेटाचा फोल्डरच पुसला आणि नवीन व्हर्जन कोरं टाकलं. दहा मिनिटांत सगळं चकाचक. एकशे चौऱ्याऐंशीच्या एकशे चौऱ्याऐंशी व्हिडिओ जागेवर. मी खूश होऊन जेवायला गेलो.

नोंदी व्हिडिओत नसतात, त्या डेटाच्या फोल्डरमध्ये असतात. हे मला माहीत होतं. नवखा असतो तर गोष्ट वेगळी, पण मला माहीत होतं. मला ते आठवलं अभनपूरहून परतताना, स्कूटरवर.

सोमवारी दुपारी वहिनीचा फोन. "सुधीर, इथं खाली काहीच नाही लिहिलेलं. माहंच काही चुकलं का रे?"

त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही वहिनी, नवीन व्हर्जन टाकलं न. नोंदी हळूहळू येतील. टाइम लागते."

"हव? येतील न पण?"

"येतील."

पुसलेलं परत मिळवायचे जेवढे उपाय मला ठाऊक होते ते सगळे केले. काही हाती लागलं नाही. आणि वहिनी रोज दोन वाजता टीव्ही लावून बघत राहिली. फोन करून विचारायचीही नाही, मला त्रास नको म्हणून. मीच बूढापाऱ्याकडे जाणं टाळायला लागलो.

जुलैत एका मंगळवारी ऑफिसात तिचा फोन. आवाज असा की मी उठून उभा राहिलो.

"अरे आलं! एक आलं! बाहत्तरवं!"

मला वाटलं, तिनं भलतंच काही वाचलं. संध्याकाळी गेलो. टीव्हीवर नोंद होती. "महानदीवरची सहल. डबा उघडला तेव्हा कळलं की पोळ्या घरीच राहिल्या. कुमुदनं माझ्यावर ढकललं, चूक तिचीच होती. कॅमेरा सुधीरकडे, म्हणून तो दिसत नाही." कुमुद म्हणजे वहिनी. ती डोळे पुसत हसत होती. "पाह्य, गेल्यावरही खोटं बोलून राहिला हा माणूस. पोळ्या यानंच इसरल्या होत्या."

मग माझ्यासमोर लाडू ठेवले. "तू म्हणला होतास न येतील. आल्या." तो लाडू मी कसा खाल्ला ते मलाच माहीत.

घरी येऊन मी कारण शोधायला बसलो. पहिला संशय टीव्हीवर — त्याच्या आत जुनी कॉपी साठून राहिली असेल. पण नोंद माझ्या सर्व्हरवरही होती. दुसरा संशय ऋचावर. तिला फोन केला.

"काका, मैं क्यों लिखूंगी? मला मराठी वाचता येतं नीट, लिहिता कुठे येतं? और मेरे में तो एडिट का ऑप्शन भी नहीं दिखता."

खरंच दिसत नव्हता, मीच तो बंद ठेवला होता. तरी मी सगळ्यांचे हक्क काढले, पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी त्र्याहत्तरवी आली. मग चौऱ्याहत्तरवी. रोज एक, कधी दोन नाहीत. सर्व्हरमध्ये बदलाची वेळ दिसायची, दोनच्या जरा आधीची. कोणी बदल केला ती जागा रिकामी.

एके दिवशी मी मशीन दुकानात नेली, नवीन डिस्क बसवायला. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत ती टेबलावर उघडी पडली होती आणि जुनी डिस्क माझ्या पिशवीत होती. मी तिथेच स्टुलावर बसून होतो. रात्री जुनी डिस्क परत लावून मशीन जोडली. एक्याऐंशीवी नोंद आलेली, वेळ त्याच दुपारी एक वाजून छप्पन्न मिनिटं. मी मीनालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आधीचं पुसल्याचंही सांगावं लागलं असतं.

आणि वहिनी माहेरी, सासरी, सगळीकडे सांगत सुटली होती की सुधीरनं दादाचं लिहिलेलं वाचवलं. लोक मला शाबासकी द्यायचे. मी घ्यायचो.

आता मुख्य गोष्ट. दादा गेल्यानंतर तीन महिन्यांनी ऋचाला मुलगी झाली, ईरा. बारसं रायपूरलाच झालं, बूढापाऱ्याच्या घरी. त्याचा व्हिडिओ मी काढला, पण सर्व्हरवर चढवला तो अपडेटनंतर. तो एकशे पंच्याऐंशीवा. त्याच्याखाली अर्थातच काही नव्हतं.

ऑगस्टमध्ये ईराला चार महिने झाले त्या दुपारी वहिनीनं पहिल्यांदा क्रम मोडला. नातीला बघावंसं वाटलं म्हणून तिनं बारसं लावलं. मी त्या दिवशी तिथेच होतो, तिच्या गॅसचा रेग्युलेटर बदलायला गेलो होतो. ती चष्मा लावून वाचायला लागली आणि मी आतून ऐकत होतो.

"ईराचं बारसं. पाळणा मागून आणलेला, एका बाजूला कलतो. ऋचा सकाळपासून जेवली नाही, कोणी विचारलं नाही. कुमुद हसली, बरं वाटलं. कॅमेरा सुधीरकडे, म्हणून तो..."

तिथे ती थांबली. मी बाहेर आलो. टीव्हीवर ईराचं चित्र थांबलेलं. वहिनी माझ्याकडे बघत होती.

"सुधीर... हे त्यायनं कधी लिहिलं?"

 त्या क्षणी दोनच वाटा होत्या. मला माहीत नाही म्हणायचं, तर मग पुढचे प्रश्न, मग रविवारची सकाळ, मग पुसलेला फोल्डर. नाहीतर...

"मी लिहिलं वहिनी," मी म्हणालो. "दादासारखं. तुले बरं वाटावं म्हणून."

तिनं टीव्हीवरची नोंद पुन्हा एकदा वाचली. मग अगदी हळू विचारलं, "मंग बाकीच्या? पोळ्याची? त्याही तूच?"

मी नाही म्हणालो नाही. 

तिनं चष्मा काढला, घडी घालून ठेवला. "बरं केलं सांगितलं. मी येडी, रोज त्यायच्याशी भांडत होती."

ऋचाला मी त्याच संध्याकाळी फोनवर सहज विचारल्यासारखं केलं, बारशाच्या दिवशी जेवली होतीस का. ती हसली. "काका, आप को कैसे पता? सकाळपासून उपाशी होते. मैंने तो मम्मी को भी नहीं बताया."

त्या दिवसानंतर वहिनीनं टीव्ही लावला नाही. आणि नोंदी येणंही थांबलं. शेवटची ती बारशाचीच. त्याआधीच्या आलेल्या तेवढ्या सर्व्हरवर आहेत, आता मी त्यांच्या तीन कॉपी ठेवतो. बाकीच्या जागा कोऱ्या. मी जाणकारांना विचारलं, फोरमवर विचारलं, सर्व्हरच्या सगळ्या फाइली एकेक ओळ वाचल्या. कोणी म्हणालं हॅकिंग, कोणी म्हणालं तूच लिहून विसरला असशील. ऋचाच्या उपाशी राहण्याचं कोणाकडेच उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. मात्र माझ्या छातीवरचं ओझं त्या नोंदींचं नव्हतं. पुसलं ते एकदा पुसलं गेलं होतं. पण जे परत आलं होतं, ते मी माझं म्हणून तिच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतलं होतं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या पूजेला घरातल्या मोठ्या पुरुषानं बसायचं, आजवर दादा बसायचा. यंदा वहिनीनं निरोप पाठवला, पूजेला तू बस. मी सकाळी सोवळं नेसूनच बूढापाऱ्याला गेलो. ती स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाट मांडला आहे. गुरुजी येतच असतीन."

"वहिनी, मी पाटावर नाही बसू शकत."

"काहून? आंघोळ नाही केली का?"

मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. अभनपूरचं जेवण, न काढलेली कॉपी, पुसलेला फोल्डर, "येतील" म्हणणं. दुकानातली उघडी मशीन, ऋचाचं उपाशी राहणं. विळीवरचा तिचा हात आधी थांबला नाही, नंतर थांबला.

"मंग बारशाचं कोणं लिहिलं?"

"मले माहीत नाही."

"तू नाही?"

"मी नाही. एकही नाही."

"बाहेर महालक्ष्म्या बसल्या आहेत, सुधीर. समजून बोल."

"समजूनच बोलून राहिलो, वहिनी. त्या नोंदीतला एक शब्दही माहा नाही. मले तसं लिहिताच येत नाही. दादाचं मी पुसलं, माह्या हातानं, जेवायला उशीर होते म्हणून. आणि जे आलं, ते कुठून आलं मले माहीत नाही, पण ते तुह्यासाठी आलं होतं. ते मी माहं म्हटलं, फक्त मले लाज वाटत होती म्हणून. माहं चुकलं. मले माफ कर."