आगलावी बाई आणि पाचशे चाळीस खुर्च्या

संस्थेत तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत, पाठ वळली की आगलावी. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात खोटं असं काही नव्हतं. बावीस वर्षं ती पगार घेऊन आगी लावत होती. पडदा, गालिचा, गादी, वायरीचं वेष्टण, कारखान्याकडून जे येईल त्याचा तळहाताएवढा चौकोनी तुकडा कापायचा, चंदेरी कागदात बसवायचा, तापलेल्या हीटरखाली वजनकाट्यावर ठेवायचा, वर ठिणगी सोडायची आणि मोजत बसायचं. किती सेकंदांत पेटलं, वजन किती घटलं, धूर किती झाला.

सासूबाईंना सुनेची नोकरी चारचौघांत सांगणं जड जाई. "ती प्रयोगशाळेत आहे," एवढं बोलून त्या घाईघाईने दुसराच विषय काढत. घरात सोफा नव्हता. दोनदा घ्यायला गेले होते. दोन्ही वेळा तिने दुकानदाराकडे आतल्या फोमचा तुकडा मागितला, आणि कशाला हवा तेही खरं खरं सांगितलं. तेव्हापासून नवरा तिच्याबरोबर फर्निचरच्या दुकानात पाऊल टाकत नसे.

तर झालं असं, की संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त सभागृहाचा कायापालट झाला. पाचशे चाळीस मखमली खुर्च्या बसल्या. त्या बसून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की फायलीत आगीच्या चाचणीचा अहवालच नाही. खरेदी अधिकारी स्वतः कापडाचे आणि फोमचे तुकडे घेऊन खाली तिच्या प्रयोगशाळेत आले.

"औपचारिकता आहे हो मॅडम. कंपनीने अग्निरोधक म्हणून लिहून दिलंय. दुपारपर्यंत झालं तर बरं."

"औपचारिकता म्हणून पेटवू, की खरंच पेटवू?"

ते हसले. तिने खरंच पेटवलं.

कापड नवव्या सेकंदाला पेटलं. फोम वितळून गळायला लागला, आणि थेंब जळत जळतच खाली पडत होते. धूर असा काळाकुट्ट, की काचेपलीकडचा दिवा दिसेना. तिने तुकडा बदलून पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी नऊच्या आसपासच.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी तिला बोलावलं. खोलीत ते, खरेदी अधिकारी आणि जनसंपर्क अधिकारी अशी तीन जणांची समितीच बसली होती.

"विज्ञानात आम्ही ढवळाढवळ करणार नाही," संचालक म्हणाले. "आकडे तुमचेच. फक्त भाषा जरा बघू या. हे 'पेटते' फार टोचतं."

"'उष्णतेला प्रतिसाद देते' असं म्हणू," खरेदी अधिकाऱ्यांनी सुचवलं.

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी पेन हातात घेतलं. "'पहिल्या आठ सेकंदांत अत्यंत समाधानकारक कामगिरी'. कसं वाटतं?"

"हे छान," संचालक म्हणाले. "आणि खरंही आहे."

"खरं आहे," ती म्हणाली. "नवव्या सेकंदाचं काय?"

"त्याबद्दल आपण काहीच म्हणत नाही. मग खोटं कुठे बोलतोय?"

तिने सही करायला नकार दिला. आवाज मात्र चढवला नाही. सही समितीने केली. तिचे आकडे परिशिष्टात टाकायचं ठरलं. त्याच दुपारी ती स्टॉपवॉच घेऊन रिकाम्या सभागृहात गेली, पहिल्या रांगेत मधोमध बसली आणि उठून मागच्या दारापर्यंत चालत गेली. बेचाळीस सेकंद लागले, तेही दिवे लागलेले आणि वाटेत कुणी नसताना. हा आकडाही तिने परिशिष्टात घातला. परिशिष्ट लागलं एकसष्टाव्या पानावर, स्क्रूच्या यादीनंतर.

समारंभात तिचा सत्कार होता. तिला राग होताच, पण यादीत नाव पाहून बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. सासूबाईंना घेऊन ती आली आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली.

"आई, इकडे कडेला बसा."

"कशाला? इथं किती मऊ आहे," तिसऱ्या रांगेत रुतून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेकायला धड जागा मिळाली, तर ही उठवतेय."

काहीही पेटलं नाही. झालं ते वेगळंच. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, लोक चुळबुळायला लागले, आणि कुणीही हललं की खुर्ची कुरकुरायची. शेवटी पाचशे खुर्च्या एका सुरात कुरकुरू लागल्या. पाहुणे दोनदा थांबले, तिसऱ्यांदा भाषण गुंडाळून खाली बसले, तर त्यांचीही खुर्ची कुरकुरली.

आठवड्याच्या आत हुकूम निघाला, सगळ्या खुर्च्या बदला. सभागृहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

आता नव्याकोऱ्या खुर्च्या भंगारात काढणं नियमात बसेना. खरेदी अधिकाऱ्यांनीच तोड काढली. कागदोपत्री खुर्च्या 'चाचणीचे नमुने' झाल्या आणि आगलावीच्या प्रयोगशाळेत येऊन पडल्या. बोळ छतापर्यंत भरला. त्यामागे संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं, तेही बुजलं. तिने तक्रार केली. उत्तर आलं, की नमुने वापरले जातील तसतसा मार्ग मोकळा होईल.

मग तिने वापरायला सुरुवात केली. दारापुढच्या खुर्च्या आधी ओढल्या. मोठ्या धुराड्याखाली एक अख्खी खुर्ची, मग दोन शेजारी शेजारी, मग अख्खी रांग. ज्वाळा पाठीवरून बैठकीवर कशी उतरते, शेजारच्या खुर्चीला कधी धरते, हे सारं तिने टिपलं. एकसारख्या इतक्या खुर्च्या जाळायला आजवर कुणी दिल्या नव्हत्या. दोन शोधनिबंध झाले. परक्या प्रयोगशाळांतून पत्रं आली. समितीवरचा राग गेला नव्हता, पण सकाळी कामावर जायची तिला घाई असे.

सदतिसावी खुर्ची जळत असताना खरेदी अधिकारी पुन्हा खाली आले. हातात करड्या कापडाचे तुकडे होते.

"नव्या खुर्च्यांचे आहेत. अजून मागवल्या नाहीत. म्हटलं, आधी तुम्ही बघा."

तिने तुकडा हीटरखाली ठेवला. दोघं काचेसमोर उभे राहिले. कापड काळं पडलं, आक्रसलं, पण पंधरा मिनिटांत पेटलं नाही. तिने तसंच लिहिलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यादेखत सही केली.

"आणि कुरकुरण्याचं कसं?" त्यांनी हळूच विचारलं. "तेही इथेच तपासून मिळेल का?"

"ते बसून बघावं लागेल," ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी एक रिकामं स्टूल पुढे केलं.