दारावरची पाटी

स्टुटगार्टला आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी फार कडक. ज्याच्या दारावर झाडलोटीची पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा; विसरलात तर आजींनी बेल वाजवलीच समजा. आम्ही पहिल्यांदाच फ्रान्सला, स्ट्रासबुर्गला निघालो, तेव्हा बोट नाचवत म्हणाल्या, "आल्झो, हे बघा, दुकानात शिरताना आधी बोंजूर म्हणा. आणि दुपारी दोनच्या आत जेवा, नंतर हॉटेलं बंद, उपाशी राहाल."

चार दिवस मजेत गेले. परतताना गाडीत बायको दचकली, "अरे, निघताना पाटी आपल्याच दारावर होती!"

घरी परतलो, तर जिना लख्ख. पाटी मात्र आमच्याच दारावर, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, आम्हीच झाडलाय. आजींनी दार किलकिलं करून एवढंच विचारलं, "बोंजूर म्हणालात ना?"