न तपासलेलं रक्त

नोकरीच्या पहिल्याच दिवशी सरांनी माझ्यासमोर लेटरहेडचा एक गठ्ठा ठेवला. सगळे कागद कोरे होते आणि प्रत्येकाच्या खाली एका डॉक्टरची निळ्या शाईतली सही होती. हे डॉक्टर पुण्यात राहायचे. शेवगावच्या त्या लॅबमध्ये मी अकरा महिने काम केलं. तेवढ्या काळात मला त्यांची सही पाठ झाली, पण चेहरा कधी दिसला नाही.

"रिपोर्ट याच्यावर छापायचा. सही झालेलीच आहे," सर म्हणाले. त्यात लाजण्यासारखं काही असावं असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. उलट किती सोय करून ठेवलीय बघ, असाच भाव होता.

सर म्हणजे लॅबचे मालक. माझ्यासारखाच प्रयोगशाळेचा कोर्स त्यांनीही केला होता, पण रक्ताला हात लावून त्यांना बरीच वर्षं झाली असावीत. त्यांची हौस निराळी होती. बाहेरच्या खोलीत सोफा, काचेचं दार, भिंतीवर धबधब्याचं चित्र आणि आत आलेल्या प्रत्येकाला गार पाण्याची बाटली. "पेशंटला पहिल्यांदा काय दिसतं? सोफा दिसतो," असं ते मला शिकवायचे. आतल्या फ्रिजमध्ये तपासणीच्या औषधांशेजारी त्यांचा दह्याचा डबा असायचा. मी एकदा तो बाहेर काढून ठेवला, तर दही आंबट झालं म्हणून मलाच बोलणी बसली.

रक्त मोजायच्या मशीनवर रोज सकाळी आधी एक ठरावीक रक्त लावायचं असतं. त्याचा आकडा बाटलीवर छापलेला असतो. मशीन तोच आकडा दाखवतंय का ते बघायचं आणि मगच पेशंटचं रक्त घ्यायचं. याला कंट्रोल म्हणतात. कोर्समध्ये आम्हाला ते नमाजाच्या आधी हात-तोंड-पाय धुतात त्या वजूसारखं शिकवलं होतं, त्याच्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. सरांच्या लॅबमधल्या कंट्रोलच्या बाटलीची मुदत मी लागण्याआधीच संपली होती. मी नवी मागितली तेव्हा ते हसले. "अगं, हे शेवगाव आहे. इथं कोण बघायला येतंय?"

त्या वर्षी दिवाळी सरता सरता मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला येईना. दोन दिवस सरांनी सॅम्पल दुसरीकडे पाठवले, मग त्यांना तोही त्रास वाटू लागला. चौथ्या दिवशी एक सासू आणि सून आल्या. त्या तिसगावच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. तिसगाव माझंही गाव, म्हणून मी त्यांना जरा आपुलकीनं बसवलं. सून पंचविशीची असेल. दुसऱ्याच दिवशी टोळी ऊसतोडीला निघणार होती, आणि तिला सारखी चक्कर येते म्हणून शेवगावातल्याच एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन सांगितलं होतं. मी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि आत जाऊन सरांना विचारलं, "कुठं पाठवायचं?"

"डोळे बघितलेस का तिचे?"

"फिकट वाटतात."

"सगळ्याच बायकांचे फिकट असतात. दहा पॉइंट आठ टाक." मग जरा विचार करून म्हणाले, "नुसतं अकरा टाकू नकोस. पुढं दशांश असला की लोकांचा विश्वास बसतो."

मी टाकला. हे मला कुठल्याही आडपडद्याशिवाय सांगायला हवं. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. मी दहा पॉइंट आठ टाईप केलं, सही केलेल्या कागदावर छापलं, लिफाफ्यात घातलं आणि स्वतःच्या हातानं त्या सासूला दिलं. डॉक्टरांनी तो आकडा बघून टॉनिक लिहून दिलं आणि त्या दोघी एसटीनं गावी गेल्या.

दुपारी रॅक धुवायला घेतला तेव्हा ती ट्यूब हातात आली. रक्त काही तास उभं राहिलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. निरोगी माणसाचं साधारण निम्मं निम्मं दिसतं. या ट्यूबच्या तळाशी बोटाच्या पेराएवढाही लाल थर नव्हता. वर सगळं पिवळं पाणी. हे कळायला मशीन लागत नव्हतं, सहीसुद्धा लागत नव्हती. आंधळा नसलेल्या कुणालाही ते दिसलं असतं.

कपाटात जुनी काचेची नळी होती. रक्तात पातळ आम्ल घालायचं, थेंबथेंब पाणी टाकायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा, अशी ती जुनी पद्धत. मी दोनदा केलं. दोन्ही वेळा पाचच्या आसपास आलं. बाईमाणसाचं बारा तरी हवं.

सरांना दाखवलं. त्यांनी नळीकडे पाहिलंच नाही, दाराकडे पाहिलं. "दार लाव," म्हणाले. मग हळू आवाजात, "कागद गेलाय ना? मग आता कशाला उकरतेस?"

"तिच्या डॉक्टरांना फोन करू."

"आणि काय सांगू? आम्ही अंदाजानं लिहितो? माझी इज्जत जाईल बाजारात."

त्या बाईच्या जिवाचा शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. इज्जत मात्र निघाली. त्या क्षणापर्यंत मला त्यांची भीती वाटायची. त्यानंतर कधी वाटली नाही. किळस वाटली, आणि त्यातली थोडी माझीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अब्बांना घेऊन त्या वाडीवर गेले. अब्बा तिसगावात शिवणकाम करतात. मी त्यांना आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. "कापड चुकीचं कापलं तर गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन सांगावं लागतं," एवढंच बोलले आणि सकाळी मोटारसायकल काढली.

ट्रॉलीत सामान चढत होतं. बांबू, ताडपत्री, हंडे, पिठाची पोती. सून उंबऱ्यावर बसून होती. मला बघून सासू पुढं आली. "या की म्याडम. हिकडं कुठं?"

मी म्हटलं, "आजी, तुमच्या सुनेला ऊसतोडीला पाठवू नका. तिच्या अंगात रक्त फार कमी आहे. आजच दवाखान्यात न्या."

"काल तर चांगलं हाय म्हनलं की तुमीच. कागूद हाय माझ्याजवळ."

"तो कागद खोटा आहे. मशीन बंद होतं. आम्ही तपासलं नव्हतं."

तिनं कमरेच्या पिशवीतून तो लिफाफा काढून माझ्यासमोर धरला.

"तपासायचंच न्हवतं, मग रगात कशाला काढलं?"

ट्रॉलीत सामान चढवणारे थांबले. तिचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, पुढं आला. "काल एक सांगता, आज एक. उद्या तिसरंच सांगाल. तुमच्यावर भरवसा ठिवायचा कसा? आन आता मागं फिरता येत न्हाई, मुकादमाला तोडनीला दोघांची जोडी लागती."

मी सुनेकडे पाहिलं. "तुम्हाला काय होतं, तुम्ही सांगा."

"पाटी उचलली की डोळ्याम्होरं अंधारी येती," ती म्हणाली. "माती खावीशी वाटती." एवढं बोलायला तिला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला.

ते सासूनं ऐकलं. बहुधा तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती मुलाकडे वळली. "ही ऱ्हाईल. तुज्यासंगं मी येते."

"आये, तुला न्हाई हुनार."

"वीस वरसं मोळ्या बांदल्यात म्या. मला शिकवू नको."

साठीच्या त्या बाईनं पाच मिनिटांत निर्णय घेतला आणि पदर खोचून ट्रॉलीत आपली वळकटी टाकली. शिकलेल्या, सोफ्यावर बसणाऱ्या, दशांशाची कला जाणणाऱ्या आमच्या सगळ्या मंडळीत एवढी धमक कुणाकडे नव्हती. निरोप मिळताच आलेल्या भावानं सुनेला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून नगरला पाठवलं, रक्ताच्या बाटल्या चढवल्या. ती वाचली. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे आमचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि परत घडी करून भावाच्या हातात ठेवला.

भाऊ तो रिपोर्ट घेऊन शेवगावला आला. सोफ्यासमोर उभं राहून त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तो तालुकाभर फिरला. सरांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "नवीन मुलगी आहे, टाईप करताना चूक झाली." मी त्यांच्यासमोरच भावाला म्हणाले, "चूक नाही. सांगून लिहिलंय, आणि लिहिणारी मी आहे." त्या दिवशी माझी नोकरी संपली. निरोपाला गार पाण्याची बाटली काही मिळाली नाही.

पंधरा दिवसांत लॅबवाल्यांच्या संघटनेनं एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. मी सभासद होते, म्हणून गेले. मागे फ्लेक्स होता: 'आपल्या व्यवसायाची प्रतिष्ठा उंचावू या'. स्टेजवर अध्यक्षांशेजारी आमचे सर बसले होते. आधी शाली झाल्या, नारळ झाले. मग पुण्याहून बोलावलेल्या एका वक्त्यानं पेशंटकडे बघून कसं हसावं ते सांगितलं. मग ठराव. सर्वांनी आकाशी रंगाचा एकसारखा कोट घालावा. गाड्यांना स्टिकर लावावेत. व्हॉट्सअॅपवर बदनामी करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करावी. प्रत्येक ठरावाला टाळ्या.

"कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी विचारलं. ते शिष्टाचार म्हणून विचारलेलं होतं.

मी उभी राहिले. "आज सकाळी कंट्रोल लावून मगच इथं आलेल्यांनी हात वर करा."

हॉलमध्ये साठेक माणसं असतील. पुढच्या रांगांतून एकही हात वर आला नाही. मागच्या रांगेतल्या पाथर्डीच्या एका म्हाताऱ्या टेक्निशियननं हात खांद्यापर्यंत वर नेला, आजूबाजूला पाहिलं आणि त्याच हातानं डोकं खाजवलं. मला त्या सगळ्यांत त्याचाच जास्त राग आला. बाकीच्यांना निदान लाज नव्हती. याला आपण चांगलं काम करतो याचीच लाज वाटत होती.

"ताई, हा विषय आजच्या अजेंड्यावर नाही," अध्यक्ष म्हणाले. "चहा घ्या सगळ्यांनी."

मी चहा न घेता निघाले.

आता मी तिसगावात रक्त घेते. रक्त गोळा करते फक्त, तपासत नाही. सकाळच्या एसटीनं डबा नगरला जातो. तिथं एक डॉक्टरबाई आहेत, स्वतः मायक्रोस्कोपमधून बघतात आणि बघितल्याशिवाय सही करत नाहीत. स्वभावानं अतिशय तुसड्या. सॅम्पल बिघडलं असेल तर फोन करून "परत घे" म्हणतात आणि ठेवून देतात. मग मला शेतावर जाऊन पुन्हा सुई टोचावी लागते, माणसं वैतागतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतो. "लई उशीर लावता तुमी," हे मी आठवड्यातून दहादा ऐकते.

गेल्या महिन्यात जवळच्या शाळेतले एक गुरुजी आले. विम्यासाठी साखरेचा रिपोर्ट हवा होता. "उपाशीपोटी या," मी म्हटलं.

"कशाला तपासताय उगाच? नॉर्मल लिहून द्या. आपली ओळख आहे."

"गुरुजी, पोरांचे पेपर न तपासता मार्क देता का?"

ते चिडले. "तुझ्यासारखी माणसं धंदा करूच शकत नाहीत," म्हणाले आणि निघून गेले. रस्त्यापलीकडे नवी लॅब उघडलीय, काचेच्या दाराची. ते आत गेले ते मला माझ्या खुर्चीवरून दिसलं. पाच मिनिटांत बाहेर आले, हातात रंगीत रिपोर्ट होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. बाही मनगटापर्यंत खाली, बटण लावलेलं. हाताला त्यांनी सुईसुद्धा टोचून घेतली नव्हती.