चरकाशेजारचा खिळा

आत्याला उजवा हात नव्हता, अगदी खांद्यापासून. ओल्या कपड्याचं एक टोक नळाला अडकवून ती डाव्या हाताने पिळायची, आणि त्याच हाताचे धपाटे आम्हा भावंडांनी पोटभर खाल्लेत.

तरुणपणी ती उसाच्या चरकावर होती. दोन लोखंडी रुळांमध्ये ऊस सारायचं काम. हात सापडला तर रूळ लगेच थांबत नसत, म्हणून शेजारच्या भिंतीवर खिळ्याला कुऱ्हाड टांगलेली असे. मनगटावर घाव घालायचा आणि माणूस वाचवायचा! जगाचं तोंड गोड करायची ही रीत. घाव घालायला नेमलेला माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझे बाबा.

तिचा हात सापडला तेव्हा बाबा कुऱ्हाड शोधत राहिले. इंजिन बंद होईपर्यंत रूळ खांद्याला भिडले होते. साहेब चौकशीला आले तोवर कुऱ्हाड पुन्हा खिळ्यावर! मुकादम म्हणाला, "जागेवरच होती साहेब. याचीच पाचावर धारण बसली." भित्रा हे नाव बाबांना कायमचं चिकटलं. ते कधी उलटून बोलले नाहीत.

आत्याला ते सहन होईना. अपघाताच्या आदल्या दिवशी पोस्टकार्डं छापणारा एक फोटोवाला आला होता आणि त्याने कुऱ्हाड भिंतीवरून काढायला लावली होती, हे तिला पक्कं आठवत होतं. ती पुन्हा टांगली नाही ती मुकादमाने, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं. ते कार्ड मिळालं की भावावरचा डाग पुसला जाईल, या आशेवर तिने चाळीस वर्षं जुन्या बाजारातल्या पेट्या उपसल्या. तिला पाहून दुकानदार तोंड फिरवत.

शेवटी कार्ड सापडलं. हाताने रंगवलेलं. उसाच्या मोळीपाशी आत्या हसतेय, दोन्ही हात धडधाकट. मागे कुणा प्रवाशाने लिहिलं होतं, 'इथली माणसं फार समाधानी आहेत.' मला ते टराटरा फाडावंसं वाटलं. आत्याला त्याचं काहीच नव्हतं. ती कार्ड घेऊन धावतच आमच्याकडे आली होती.

"अरे, हे बघ! खिळा रिकामा आहे. आता कोण तुला भित्रा म्हणतो तेच बघते!"

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं आणि कार्डाच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे ते स्वतः उभे होते, एक हात पाठीमागे. कोपराखालून कुऱ्हाडीचं पातं दिसत होतं.

"मीच काढली होती, ताई. फोटो झाल्यावर चिपाडांच्या ढिगावर टाकली. टांगायला विसरलो."

"मग इतकी वर्षं मी वणवण करत होते, तेव्हा तुझी वाचा बसली होती?"

"भित्रा म्हणवून घेणं सोपं होतं."

ते कार्ड आता आत्याच्या खोलीत असतं. कडेची पट्टी तिने कापून टाकलीय, एका हाताने वेडीवाकडी. कुणीही आलं की ती खिळ्यावर बोट ठेवून सांगते, "बघा, माझा भाऊ भित्रा नव्हता."

त्या भावाशी मात्र ती एक शब्दही बोलत नाही.