फाईल कोल्हापूरला गेली तेव्हा

आमच्या घरात तेलुगू बोलतात, पण लिहायला मला मराठीच येतं, चौथीपर्यंत शिकले तेवढं. हे कुणाला दाखवायचं नाही. दिवसभर घरात आवाज नसतो, म्हणून लिहिते.

सोलापुरात मिरवणुकीत भांडण झालं तेव्हा पोलिसांनी माझ्या मुलाला उचललं. तो भांडणात नव्हता, पान खायला थांबला होता. चौकीत मारलं. तेव्हापासून डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं, गुन्हासुद्धा लावला नाही, जणू तो तिथे गेलाच नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं की, हे झालं असं कुणीतरी मोठ्या माणसाने कागदावर लिहून द्यावं. मुंबईच्या हायकोर्टात अर्ज केला. मुलगा भिवंडीला कापडाच्या लूमवर कामाला गेला आणि मी सोलापूरजवळ कुंभारीच्या घरात विड्या वळत राहिले.

मग कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच सुरू झालं आणि सोलापूरची कामं तिकडे निघाली. मुंबईचे वकील म्हणायचे, "बाई, तुमचा जिल्हा आता आमच्याकडे नाही." कोल्हापुरात चौकशी केली तर कागद पोचले नव्हते. कंटाळून मी मानवी हक्कांच्या आयोगाकडे अर्ज पाठवला. त्यांचं उत्तर आलं, प्रकरण कोर्टात आहे, आम्हाला हात घालता येत नाही.

वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याच्या ब्रँचमध्ये रांगेत उभी होते. शेजारणीला सांगितलं, तर सगळ्या रांगेने ऐकलं.

"अक्का, ह्यात काय अवघड हाय? आपण शहरातली ब्रँच सोडून हितं आलो तवा काय केलं? आदी तितलं नाव कमी केलं, मग हितं कार्ड मिळालं."

"व्हय की. दोन जागी नाव दिसलं तर चेकर कसा वरडतो!"

"त्या आयोगाच्या सायबाला वाटलं असंल, अक्का दोन दोन नवरे करून बसलीया."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मला ते पटलं होतं: आधी कोर्टातलं नाव काढायचं, मग आयोग अर्ज घेईल. घरी येऊन मुंबईच्या वकिलांना फोन केला, "कोर्टातलं नाव कमी करा."

"मागं घ्यायचं म्हणता? विचार केलाय ना?"

"हो."

नेमके त्याच सुमारास कागद कोल्हापूरला पोचले. पहिल्याच तारखेला वकिलांच्या माणसाने अर्ज मागे घेतला. तो हुकूम मी आयोगाला पाठवला. उत्तर आलं, घटनेला वर्ष उलटून गेलं आहे, आता घेता येत नाही.

सोलापूरच्या कोर्टात एका वकीलबाईंना दोन्ही कागद दाखवले. अर्ज मागे का घेतला, असं त्यांनी विचारलं. मी विडीच्या कार्डाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मावशी, फाईल आपली आपण जाते. तुम्ही नुसतं थांबायचं होतं. आता नव्याने अर्ज टाकू, पण मुलाचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि एकदा सोडून परत का आलात, हे कोर्ट विचारणार."

मुलगा दर आठवड्याच्या सुट्टीला फोन करायचा. वकीलबाईंना भेटून आल्यावरच्या सुट्टीलाही त्याने आधी तेच विचारलं, "अम्मा, तारीख पडली का?" आम्ही तेलुगूत बोललो, इथे मराठीत लिहिते.

"मी अर्ज काढून घेतला रे."

"काढून घेतला म्हणजे?" मग म्हणाला, "कुणी पैसे दिले का तुला?"

"नाही रे. मला वाटलं, आधी तिथून नाव काढावं लागतं."

त्याने फोन ठेवला. पुढच्या सुट्टीला फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वकीलबाईंनी कागद तयार केले, ते मी त्याच्या पत्त्यावर पाठवले. सही करील की नाही माहीत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी कुरिअरचं पाकीट आलं. नोटरीचा शिक्का होता, प्रत्येक पानावर त्याची सही होती. पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट फिरवून पाहिलं. माझ्यासाठी चिठ्ठी नव्हती.

वकीलबाईंनी विचारलं, "कोल्हापूरला कोण येणार? तुम्ही की तो?"

"मीच," म्हटलं.

अर्ज दाखल झाला, त्याला नंबर पडला. कोर्ट घेईल की नाही, ते अजून कळलेलं नाही. मुलाला फोन लावला, उचलला नाही. मग शेजारणीच्या मुलीकडून मेसेज टाकायला शिकले आणि लिहिलं, "नंबर पडला." त्याने वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. एवढं तरी त्याला कळलं की आईने सोडलेलं नाही.