मागच्या चाकातली हवा

भुतांवर माझा विश्वास नाही... आणि माझ्या स्वतःच्या हातांवर तर त्याहून नाही. त्यामुळे हे वाचून 'गडी काहीतरी विसरला असणार' असं तुम्ही म्हणालात तर मला राग नाही. दोन वर्षं मीही तेच म्हणतोय.

रत्नागिरी ते वेळणेश्वर, म्हणजे माझी सासुरवाडी, आणि तेही सायकलवरून. समुद्राकाठचा रस्ता सपाट असतो असं फक्त नकाशा बघणाऱ्यांना वाटतं. इथे गाव खाली खाडीशी आणि पुढचा चढ थेट वरच्या कातळाच्या सड्यावर. आधीच्या दोन्ही वेळी दमून मी मेव्हण्याचा टेम्पो मागवला होता. बायको – वृषाली – आदल्या दिवशीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "तिसऱ्यांदा टेम्पो मागवलात तर सायकल भंगारात. मी स्वतः घालीन."

जयगडला फेरीबोट धरली, पलीकडे तवसाळला उतरलो आणि चढाच्या मध्यावर मागचं चाक पंक्चर. भर दुपार, पायांची लाकडं झालेली. आंब्याखाली ट्यूब काढली, पॅच लावला, सुकायला फांदीवर टाकली... आणि पाच मिनिटं म्हणून आडवा झालो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. चाक जागेवर, टायर दगडासारखा टणक. झोपायच्या आधीच बसवलं असणार – शाबास रे मी! उरलेले वीसेक किलोमीटर कण्हत, कुथत, पण पायडल मारतच गेलो. मागच्या चाकाचा आवाज तेवढा येत नव्हता. म्हटलं, कानही थकले.

अंगणात पोचलो तर वृषाली दारातच. "टेम्पो कुठे उभा केलात? वळणापलीकडे?"

सासरे जन्मभर सायकलवरून टपाल वाटलेले. त्यांनी टायर दाबला, चाक सावकाश फिरवलं आणि थांबले.

"जावईबापू, हवा भरलीत कुठनं? व्हॉल्व्हच नाही हो याला!"

रिमचं भोक रिकामं. टायर काढायची लिव्हर लागताच टायर ढिला पडला, हवेचा आवाजसुद्धा नाही. आत ट्यूब नव्हती. (ट्यूबलेस नाही हो, साधाच टायर.)

सकाळी मेव्हण्याबरोबर जाऊन पाहिलं. ट्यूब फांदीवरच होती. पॅच कडक वाळलेला.

मग मी आलो कशावर? सासऱ्यांनाही यात माझी चूक सापडली नाही, आणि ते तर मला मूर्ख ठरवायची एकही संधी सोडत नाहीत.

वृषालीने मात्र शब्द पाळला. "सायकल राहू दे," म्हणाली. "पण यापुढे मागच्या चाकाला विचारल्याशिवाय निघू नका."

सगळे हसले. मीही हसलो. पण अजूनही निघताना, आजूबाजूला कोणी नाही ना बघून... विचारतो.