मागचं दार

आमचे मामा गवंडी. बोलणं मोजूनमापून आणि राग नाकाच्या शेंड्यावर, पण तोही निम्मा मिशीतच जिरायचा.

त्यांच्या वस्तीत पोरांची टोळी होती, टाकीवाले. पाण्याच्या टाकीखाली बसायचे म्हणून टाकीवाले. यापलीकडे डोकं चालवायची त्यांना सवय नव्हती. कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा वर्गमित्र असं करत टोळी शेजारच्या वस्त्यांत पसरली. नाव मोठं झालं तसे मोठेपण कुणाकडे यावरून खटके उडायला लागले. मग भाऊबंदकीत होतं तेच झालं, जो तो वेगळी चूल मांडून बसला. वरची टाकी, खालची टाकी, टाकीमागची. टाकी बिचारी एकच! हद्दही ठरली: ज्याचं दार ज्या गल्लीत, तो त्या गल्लीचा.

मामांना पोरं दोन आणि घराला दारंही दोन. पुढचं वरच्या गल्लीत, मागचं खालच्या. थोरल्याची ये-जा पुढून, धाकट्याची मागून. एका ताटात जेवलेली पोरं अशी दोन टोळ्यांत गेली आणि एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी सुट्टीत तिकडे गेले, तेव्हा धाकट्याच्या उशीखाली मामीला सायकलची चेन सापडली होती. रविवारी मैदानात दोन्ही टोळ्या भिडणार होत्या.

"माझंच पोर माझ्या पोराला मारणार," मामी म्हणत राहिली.

शनिवारी मामा कामावर गेले नाहीत. पोरं बाहेर पडताच त्यांनी सिमेंट-वाळूचा माल कालवला, मागचं दार चौकटीसकट उखडलं आणि तिथे भिंत घालायला घेतली.

"अहो, हे काय खूळ?" मामीने विचारलं.

"पोरांना सांगून थकलो. आता घरालाच सांगतो."

संध्याकाळी धाकटा मागून आला तर समोर ओल्या विटा. त्याने शिव्यांची लाखोली वाहिली.

"पुढून ये," मामा आतून म्हणाले.

पुढून म्हणजे थोरल्याच्या टोळीतून. कोपऱ्यावरच त्या पोरांनी त्याला घेरलं. मामी किंचाळली. थोरला उंबऱ्यात उभा होता, नुसता बघत. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. असा डाव आपण खेळायला नको होता, हे मला त्यावर स्पष्ट दिसलं. तेवढ्यात थोरला धावला. गर्दीत घुसला, दोन रट्टे खाल्ले आणि भावाच्या मानेभोवती हात टाकून त्याला ओढत निघाला.

"भाऊ आहे माझा. घरी चाललाय."

वरच्यांनी थोरल्याला फितूर ठरवून नारळ दिला. धाकटा वरच्या गल्लीतून घरी गेला, म्हणून खालच्यांनी त्यालाही. एवढी चांगली बातमी त्या घरात बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

रविवारी मैदानात डोकी फुटली. आमची दोन डोकी घरात होती, नव्या भिंतीला गिलावा करत आणि थापी कुणी धरायची यावरून तंडत. आवाज चढले तशी मामी त्यांना दटावायला उठली आणि मध्येच मटकन बसून रडायला लागली. मी घाबरून पाणी आणलं.

"काही नाही गं," ती डोळे पुसत म्हणाली, "भांडू देत. घरात भांडतायत."